'ते आता आमच्याकडे होत नाही': इंग्लंडमधली जीपी सर्जरी आणि बंद होत चाललेली साधी कामं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का शब्दाचाच बसतो. 'सर्जरीत जाऊन ये' म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि मग कळतं की इथे सर्जरी म्हणजे नुसता जीपीचा, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना. हल्ली धक्का बसतो तो जुन्या लोकांना. ज्या दवाखान्यात वर्षानुवर्षं नर्स कान धुऊन द्यायची, टाके काढायची, तिथेच आता 'ते आमच्याकडे होत नाही' असं उत्तर मिळतं.

खालचे प्रश्न लोकांनी मला फोनवर, प्रसादाच्या रांगेत आणि एकदा तर चक्क लग्नाच्या पंगतीत विचारलेले आहेत. मी डॉक्टर नाही. पण आईच्या आणि सासऱ्यांच्या आजारपणात या व्यवस्थेच्या इतक्या खिडक्यांवर उभी राहिले आहे की कुठली खिडकी कशाची ते पाठ झालं आहे. उत्तरं इंग्लंडपुरती आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

एनएचएस सरकारी आहे ना? मग सर्जरी 'आम्ही करत नाही' असं म्हणूच कशी शकते?

खरी मेख इथेच आहे. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस ही सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हा सरकारने हॉस्पिटलं ताब्यात घेतली, पण जीपी सरकारी नोकर झाले नाहीत. ते स्वतंत्र कंत्राटदार राहिले आणि बहुतेक सर्जऱ्या आजही तशाच आहेत. तुमची सर्जरी म्हणजे बहुधा काही डॉक्टरांची भागीदारी असते. नर्सचे पगार, रिसेप्शन, वीजबिल हे सगळं त्यांनीच भागवायचं. एनएचएस त्यांच्याशी करार करते, आणि सध्याच्या कराराचा सांगाडा २००४ चा आहे. नोंदणी केलेल्या प्रत्येक पेशंटमागे वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. २०२५-२६ मध्ये ती साधारण १२० पौंडांच्या घरात होती. पेशंटचं वय, आजारपण वगैरे पाहून एका सूत्राने ती कमीजास्त होते. तुम्ही वर्षात एकदाही फिरकला नाहीत काय किंवा वीस वेळा गेलात काय, त्या रकमेत फरक पडत नाही.

या पैशात 'आवश्यक सेवा' येतात: आजारी माणसाला तपासणं, औषध देणं, गरज पडली तर पुढे पाठवणं, मधुमेह-दम्यासारख्या जुनाट दुखण्यांवर लक्ष ठेवणं. कानातला मळ काढणं, हॉस्पिटलने घातलेले टाके काढणं, हॉस्पिटलच्या डॉक्टरांसाठी रक्त काढणं, २४ तासांचं बीपी मशीन लावणं, तांबी बसवणं ही कामं त्यात धरलेली नाहीत. ती त्या त्या भागाच्या आयसीबीने, म्हणजे इंटिग्रेटेड केअर बोर्डाने, किंवा कौन्सिलने वेगळे पैसे देऊन करून घ्यायची असतात. कित्येक ठिकाणी असा वेगळा करार झालाच नाही. तरी सर्जऱ्या ती कामं करत राहिल्या, कारण 'आपलाच पेशंट आहे, कुठे पाठवायचं?' पैसे आटले तेव्हा सगळ्यात आधी हा रिवाज गेला.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, 'तुम्ही का करत नाही?' असं विचारू नका. 'आपल्या भागात हे काम कोणाकडे दिलेलं आहे?' असं विचारा. पहिल्या प्रश्नावर रिसेप्शनिस्ट खांदे उडवते. दुसऱ्यावर तिला कोणाचं तरी नाव सांगावं लागतं, नाहीतर 'कोणाकडेच नाही' हे तोंडाने कबूल करावं लागतं. त्या कबुलीचाही पुढे तक्रारीत उपयोग होतो.

पण हे सगळं एकदम अलीकडेच का वाढलं?

एकदम नाही वाढलं, साचत आलं. २०१५ मध्ये इंग्लंडात साडेसात हजारांहून अधिक सर्जऱ्या होत्या. आता सव्वासहा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. काही बंद पडल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या. नोंदणी केलेले पेशंट मात्र सहा कोटी तीस लाखांच्या वर गेले. एका पूर्णवेळ जीपीच्या वाट्याला सरासरी सव्वादोन हजारांच्या आसपास माणसं येतात.

त्यात २०१९ पासून सरकारने सर्जऱ्यांना जादा माणसं घ्यायला पैसे दिले, पण ते फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक अशांसाठी. त्या पैशातून डॉक्टर नेमायला परवानगी नव्हती. परिणाम असा झाला की इकडे लोकांना अपॉइंटमेंट मिळत नव्हती आणि तिकडे नुकतेच जीपी झालेले तरुण डॉक्टर नोकरी शोधत फिरत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे जीपी घेण्यापुरता तो नियम सैल केला. इतकं उलटं गणित मांडायला खास डोकं लागतं.

मग १ ऑगस्ट २०२४ पासून डॉक्टरांच्या संघटनेने, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, इंग्लंडात जीपींचं आंदोलन सुरू केलं. संप नव्हता. दिवसाला २५ पेशंटांचीच मर्यादा ठेवा, ज्याचे पैसे मिळत नाहीत ती कामं थांबवा, अशी दहा कलमांची यादी होती. ज्याने त्याने हवं ते कलम उचलायचं. २०२५-२६ च्या करारात ८८ कोटी ९० लाख पौंडांची वाढ मिळाल्यावर ते आंदोलन मिटलं. पण एकदा खांद्यावरून उतरवलेलं काम कोण आपणहून परत उचलणार? त्यातच एप्रिल २०२५ पासून मालकांनी भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला, आणि सर्जरी हीही एक मालकच आहे.

कानात मळ साचला आहे, ऐकू येत नाही. नर्स म्हणते बाहेर पैसे देऊन काढा. हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात, आणि माझा राग सगळ्यात जास्त इथेच आहे. उपचार कसे करावेत याच्या सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक सूचना सांगते की मळामुळे ऐकू येत नसेल तर तो जवळच्या सेवेत काढून मिळायला हवा. सूचना अशी आणि करार तसा, या दोन्हींच्या मधल्या फटीत म्हातारी माणसं अडकतात. खासगीत ५० ते १०० पौंड जातात, आणि वर्षातून दोनदा मळ साचणाऱ्या पेन्शनरला ते परवडत नाहीत.

करायचं काय? आधी चार-पाच दिवस ऑलिव्ह तेलाचे थेंब घाला. पुष्कळदा तेवढ्यानेच मळ सुटतो. पडद्याला भोक असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र स्वतःच्या मनाने काहीही घालू नका. तेलाने भागलं नाही तर सर्जरीला विचारा की आयसीबीने कान साफ करण्याचं काम कोणाला दिलं आहे. काही भागांत ते एखाद्या दुसऱ्या सर्जरीत, ऑडिओलॉजी म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या क्लिनिकमध्ये किंवा चष्म्याच्या दुकानात असतं, आणि तुमच्या सर्जरीतून चिठ्ठी लागते. श्रवणयंत्र वापरत असाल तर यंत्र देणाऱ्या एनएचएस ऑडिओलॉजी विभागालाही विचारा.

पैसे देऊनच काढायचं ठरलं तर पाण्याने धुणार की मायक्रोसक्शनने ओढून काढणार, हे आधी विचारून घ्या. जुन्या पद्धतीच्या हाताच्या पिचकारीने कान धुऊ नये असं नाइसनेच सांगितलं आहे. कानात केसपिना, कापसाच्या काड्या, पेटत्या मेणबत्त्या घालायच्या नाहीत. आणि मधुमेह असताना कान जोरात ठणकत असेल, पू येत असेल, तर ते मळाचं प्रकरण नव्हे. त्याच दिवशी जीपीला किंवा १११ ला, म्हणजे एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन करा.

हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय 'दहा दिवसांनी जीपीकडे टाके काढा'. जीपी म्हणतो हॉस्पिटललाच सांगा. आम्ही चेंडूसारखे इकडून तिकडे!

माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याच्या वेळी आम्ही नेमका हाच खेळ खेळलो. तीन फोन, दोन फेऱ्या, आणि टाके चार दिवस उशिरा निघाले. तेव्हापासून एक धडा घेतला: डिस्चार्जच्या कागदावर सही व्हायच्या आधी वॉर्डमधल्या नर्सला विचारायचं, 'टाके कोण काढणार, कुठे, आणि अपॉइंटमेंट कोण घेणार?' आपण कपडे बदलून बॅग उचलली की त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

हॉस्पिटलांवरही बंधनं आहेत, ती फारशी कोणाला माहीत नसतात. एनएचएसच्या हॉस्पिटलांबरोबरच्या प्रमाण करारानुसार कामावर न जाण्याचं फिट नोट, पुरेशा मुदतीचं, हॉस्पिटलनेच द्यायचं असतं. त्याच आजाराशी संबंधित दुसऱ्या विभागाकडे पाठवायचं असेल तर त्यांनी परस्पर पाठवायचं. 'जीपीकडून नवीन चिठ्ठी आणा' म्हणायचं नाही. त्यांनी केलेल्या तपासणीचा निकालही त्यांनीच कळवायचा. नम्रपणे पण ठामपणे सांगा. जीपीच्या रिसेप्शनवर भांडण्यापेक्षा इथे सांगितलेलं कामी येतं.

जखम लाल झाली, गरम लागते, पू आला, ताप आला तर मात्र कोणाचं काम आहे याचा काथ्याकूट करत बसू नका. सर्जरीने तातडीचं म्हणून त्याच दिवशी काहीतरी केलंच पाहिजे.

रक्त तपासणी सर्जरीत होत नाही, आता हॉस्पिटलमध्ये जावं लागतं. का?

रक्त काढणं हेसुद्धा वेगळ्या पैशांचं काम आहे. बऱ्याच भागांत ते आता हॉस्पिटलच्या किंवा हेल्थ सेंटरच्या फ्लेबोटॉमी विभागात चालतं आणि वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. फॉर्म सर्जरीने कॉम्प्युटरवर टाकला आहे का, की छापील घेऊन जायचा, एवढं विचारून निघा. तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीसाठी, एचबीए१सी साठी, उपाशी राहावं लागत नाही. आपल्याकडे सकाळचा चहा न घेता, चक्कर येत, रांगेत उभी राहिलेली किती मंडळी मी पाहिली आहेत.

सकाळी आठला फोन लावला की चाळिसावा नंबर. साडेआठला 'आजच्या वेळा संपल्या, उद्या फोन करा'. दुसरा मार्ग नाही का?

आहे. 'उद्या फोन करा' हे उत्तर मे २०२३ पासून करारात बसत नाही. पहिल्याच संपर्कात त्यांनी तुमची गरज समजून घेऊन एकतर वेळ द्यायची किंवा योग्य ठिकाणी पाठवायचं. असं उत्तर मिळालं तर शांतपणे म्हणा, 'माझी गरज काय आहे ते नोंदवून घ्या आणि पुढे काय होणार ते सांगा.'

१ ऑक्टोबर २०२५ पासून तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठीचा ऑनलाइन फॉर्म सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० पर्यंत, उघडा ठेवणं सर्जऱ्यांना बंधनकारक आहे. त्यात मोजकं लिहा: काय होतंय, किती दिवसांपासून, वाढतंय का, कोणती औषधं चालू आहेत, कशाची भीती वाटते. शेवटचा मुद्दा आपण संकोचाने लिहीत नाही, पण वाचणाऱ्याला तोच सगळ्यात उपयोगी असतो. संध्याकाळी ८ पर्यंतच्या आणि शनिवारच्या वेळाही शेजारच्या सर्जऱ्या मिळून देतात. त्या वेगळ्या इमारतीत असू शकतात, आणि बहुतेक वेळा आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं यासाठी थेट ९९९ ला, म्हणजे अँब्युलन्सला, फोन. तिथे फॉर्म भरायचा नाही.

रिसेप्शनिस्टला कशाला सांगायचं मला काय होतंय ते?

कोणाकडे पाठवायचं हे ठरवायला. ती गुप्ततेच्या नियमाने बांधलेली असते. तरी नको वाटत असेल तर 'खासगी आहे, डॉक्टरांशीच बोलायचंय' एवढं म्हणायची मुभा आहे.

डॉक्टरच्या नावाखाली दुसऱ्याच कोणाकडे पाठवतात. नाही म्हणता येतं का?

विचारता येतं, आणि विचारायलाच हवं: 'तुम्ही डॉक्टर आहात, नर्स आहात की आणखी कोणी?' गुडघा, पाठ यांसाठी फिजिओथेरपिस्ट पुष्कळदा डॉक्टरपेक्षा बरा. औषधांच्या गोंधळासाठी फार्मासिस्टच बरा. फिजिशियन असोसिएट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट बघणारे मदतनीस, मात्र डॉक्टर नसतात. त्यांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या, जुलै २०२५ मध्ये आलेल्या लेंग अहवालाने त्यांचं नाव बदलून 'असिस्टंट' करावं आणि निदान न झालेले पेशंट त्यांच्याकडे सरसकट पाठवू नयेत असं सुचवलं आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. एकाच तक्रारीसाठी तीनदा गेलात आणि निदान झालं नाही किंवा दुखणं वाढतच गेलं, तर डॉक्टरांनी थांबून नव्याने विचार करायचा, अशी 'जेसेस रूल' नावाची सूचना सप्टेंबर २०२५ मध्ये आली. तिसऱ्या खेपेला 'ही माझी तिसरी खेप आहे' हे तोंडाने सांगा. प्रत्येक वेळी वेगळं माणूस भेटत असेल तर ते मोजायला दुसरं कोणी नाही.

फार्मसीत नेमकं काय काय होतं?

३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट योजनेत सात दुखण्यांवर फार्मासिस्ट तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देऊ शकतो: सायनसचा त्रास, घसा दुखणं, मुलांचं कान दुखणं, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो म्हणजे चेहऱ्यावर खपल्या धरणारा त्वचेचा संसर्ग, नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या बायकांची साधी लघवीची जळजळ. वयाच्या अटी प्रत्येकाला वेगळ्या आहेत. सल्ला फुकट, औषध लागलं तर नेहमीचे प्रिस्क्रिप्शनचे ९.९० पौंड, माफी नसेल तर. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडात प्रिस्क्रिप्शनला पैसेच पडत नाहीत.

चाळिशीनंतर बीपीही बऱ्याच फार्मसींत फुकट मोजून मिळतं. गर्भनिरोधक गोळ्याही मिळतात.

मानसिक ताणासाठी टॉकिंग थेरपीज, गरोदरपणात मिडवाइफ, आणि अनेक भागांत फिजिओथेरपी, यांच्याकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवता येतं. डोळा लाल झाला, काही गेलं, तर आधी चष्मेवाल्याकडे, म्हणजे ऑप्टिशियनकडे विचारा. अनेक ठिकाणी हे काम त्यांच्याकडे दिलेलं असतं.

डिसेंबरात महाराष्ट्रात जातोय. लशी सर्जरीत मिळतील?

टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि पोलिओचा बूस्टर हे एनएचएसवर फुकट आहेत. रेबीज आणि जॅपनीज एन्सेफलायटिसच्या लशी, तसंच मलेरियाच्या गोळ्या, यांचे पैसे द्यावे लागतात. अडचण अशी की फुकट लशीसाठीसुद्धा नर्सची वेळ महिना-महिना मिळत नाही, आणि मग लोक घाईघाईने ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये पैसे ओततात. तिकीट काढलं त्याच आठवड्यात सर्जरीचा फॉर्म भरून टाका. 'आपण तिथलेच, आपल्याला काय होतंय' हा समज दहा वर्षं इथे राहिल्यावर चालत नाही. इथे जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि काही गोळ्या लिहून दिल्यात. जीपी ते करून देईल?

बांधील नाही. इथल्या जीपीला स्वतःला पटलं तर तो औषध देईल किंवा तपासणीला पाठवेल, नाहीतर नाही. सही करणारा जबाबदार असतो, म्हणून दुसऱ्याच्या शब्दावर सही करत नाहीत. इथल्या खासगी डॉक्टरांच्या बाबतीतही हेच चालतं. फाइल नेताना औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ घटकाचं नाव आणि मात्रा लिहून न्या. रिपोर्ट चाळीस पानांचा असेल तर पहिल्या पानावर चार ओळींचा सारांश लावा. दहा मिनिटांत चाळीस पानं कोणी वाचत नाही.

आम्हाला काही होत नाही. मग सर्जरी स्वतःहून बोलावते का?

४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी एनएचएस हेल्थ चेक मिळतो, आधीच मधुमेह किंवा हृदयविकार नोंदलेला नसेल तर. हा कौन्सिलच्या पैशातून होतो, त्यामुळे काही सर्जऱ्या करत नाहीत. तेव्हा कौन्सिललाच विचारा. आपल्या लोकांनी हा चुकवू नये. दक्षिण आशियाई माणसाला टाइप २ मधुमेहाचा धोका जास्त आणि तो लवकर गाठतो. वजनाच्या मोजपट्टीतही बीएमआय २३ ला आपल्यासाठी घंटा वाजते, गोऱ्यांसाठी ती २५ ला. बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी २५ ते ६४ वयात असते. सर्जरीत वेळ मिळत नसेल तर काही लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्येही ती होते.

आईला इंग्रजी येत नाही. मी सोबत जाऊन भाषांतर करू?

जा, पण भाषांतरासाठी दुभाषा मागा. मराठीचाही मिळतो, फोनवर का होईना, आणि पैसे पडत नाहीत. वेळ घेतानाच सांगा आणि दुप्पट लांबीची अपॉइंटमेंट मागा. मुलासमोर आई अंगावरून जाण्याबद्दल बोलत नाही, आणि मुलगा तिच्या रडण्याचं भाषांतर 'थोडी थकलीय' असं करतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना जीपी बघेल का?

हो. जीपीला दाखवायला व्हिसा, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा यांची अट नाही, आणि जीपीच्या तपासणीचे पैसे कोणालाच पडत नाहीत. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी तात्पुरती नोंदणीही होते. कागद नाहीत म्हणून परत पाठवलं तर 'एनएचएस इंग्लंडच्या नियमात कागदांची सक्ती नाही' असं सांगा. मात्र हॉस्पिटलात दाखल करायची वेळ आली तर पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं. अपघात विभागातल्या उपचारापर्यंतच फुकट आहे. प्रवासी विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका.

तक्रार कुठे करायची, आणि सर्जरी बदलता येते का?

आधी प्रॅक्टिस मॅनेजरला लेखी, नाहीतर थेट आयसीबीला. दोघांपैकी एकालाच करा. घटनेपासून १२ महिन्यांच्या आत. समाधान झालं नाही तर ऑम्बुड्समन, म्हणजे अशा तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी. तक्रारीत डॉक्टर वाईट आहेत असं लिहू नका. अमुक सेवा या भागात कोणीच देत नाही आणि त्यामुळे अमुक त्रास झाला, असं लिहा. कंत्राट देणारा आयसीबी आहे, त्यामुळे ते पत्र योग्य टेबलावर पोचतं. प्रत्येक सर्जरीत पेशंटांचा गट असणं एप्रिल २०१५ पासून करारात आहे. त्यात आपली माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. तिथे येणारे पाच-सहा निवृत्त लोकच मग सगळ्यांच्या वतीने बोलतात.

बदलायची असेल तर कारण न देता बदलता येते. फक्त नव्या सर्जरीत आधी विचारून घ्या: कान, रक्त, ड्रेसिंग, यातलं काय इथे होतं? आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने चांगल्या रिव्ह्यूंवर भाळून सर्जरी बदलली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की रक्त काढायला त्यांना जुन्या सर्जरीच्याच इमारतीत जावं लागणार आहे.